३२ बिट फ्लोट सांगून १६ बिट माथी मारलं, फाइल तपासल्याशिवाय पैसे देऊ नका
मित्रांनो जरा वेळ काढून वाचा, माझे पैसे तर गेलेच पण एक रेकॉर्डिंग पण गेलं जे आता परत होणार नाही.

एका गायिकेच्या लाइव्ह कार्यक्रमाचं काम एका रेकॉर्डिस्टला दिलं होतं. तिचा आवाज एकदम वर जातो म्हणून मी मुद्दाम ३२ बिट फ्लोट (आवाज साठवायचा एक फॉरमॅट) मागितलं, त्यात ० डीबीच्या (साध्या १६ बिट फाइलची वरची मर्यादा) वर गेलेलं पण नंतर खाली ओढून वाचवता येतं (रेकॉर्डरमधला आवाजाचे आकडे करणारा कन्व्हर्टर तेवढा आवाज झेपणारा हवा अर्थात). फाइल आली, प्रॉपर्टीजमध्ये ३२ बिट फ्लोट दिसलं, मी लगेच सगळे पैसे देऊन टाकले. इथेच चुकलं.

मिक्सला बसलो तर वरच्या पट्टीतली प्रत्येक तान फाटलेली. गेन (आवाजाची पातळी) १० डीबी खाली घेतला तरी तशीच. एकेक सॅम्पल दिसेपर्यंत झूम केलं तर वेव्हची टोकं गोल नाहीतच, सुरीने कापल्यासारखी सपाट, आणि सगळी एकाच लेव्हलला. त्याला विचारलं तर म्हणे माइकच ओव्हरलोड झाला असेल. तसं होऊ शकतं, म्हणून मी आधी मान्य पण केलं, पण मन मानेना.

मग त्याच फाइलची १६ बिट कॉपी काढली, डिदर म्हणजे बिट कमी करताना मिसळतात ती बारीक खरखर बंद ठेवून (हे विसरू नका), तिचा फेज उलटा केला, म्हणजे वेव्ह वरची खाली, आणि मूळ फाइलसोबत वाजवली. दोन्हीत जे सारखं ते एकमेकांना खोडतं, फरक तेवढाच ऐकू येतो. खरं ३२ बिट असतं तर बारीक खरखर उरलीच असती, उणे १०० डीबीच्या आसपास. ९० डीबी वाढवून ऐकलं, काहीच नाही, पूर्ण शांत! म्हणजे रेकॉर्ड केलं १६ बिटात आणि खाली नुसती शून्यं भरून दिली. माइक ओव्हरलोड झाला म्हणून खालचे बिट रिकामे होत नाहीत हो.

१६ बिट वाईट असं म्हणत नाहीये, ६५,५३६ लेव्हल, ९६ डीबीची रेंज, ऐकायला भरपूर आहे. पण रेकॉर्ड करतानाच जे कापलं गेलं ते नंतर भांडं मोठं केलं म्हणून परत येत नाही.

अजून एक, कोणी गेन थोडा बदलून फाइल दिली तर त्या शून्यांच्या जागी दुसरे आकडे येतात, मग ही टेस्ट पण फसते आणि बिट मीटर (किती बिट खरंच वापरलेत ते दाखवणारं टूल) पण. म्हणून कार्डवरची मूळ फाइल हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मी उशिरा मागितली, तर कार्ड फॉरमॅट केलं म्हणाला, आणि त्यानंतर त्याने फोनच उचलला नाही.