खरबरीत अक्षरांचा डबा: पोरीला लय कामी आला, पण ळ काऊन नाही दिला?

माझी लेक नऊ वर्षांची आहे, तिला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचा-लिहायला शिकण्यातली अडचण आहे अन् मागच्या दिवाळीपासून मी तिला घरीच शिकवून राहिली. आमचं गाव आर्वी तालुक्यात. हा डबा ऑनलाइन मागवला, 850 रुपये लागले, कुरिअर गावापर्यंत येत नाही म्हणून ह्यांनी बाजाराच्या दिवशी आर्वीहून आणला. आत लाकडी पाट्या आहेत, प्रत्येकीवर पॉलिश पेपरचं एक अक्षर चिकटवलेलं, लेकरानं त्याच्यावरून दोन बोटं फिरवायची अन् तोंडानं आवाज काढायचा. पद्धत लहान लेकरांच्या शिक्षणात नाव असलेल्या माँटेसरीबाईंची, जुनीच आहे.

आधी चांगलं सांगते. माझी पोरगी घ-ध मधे अडकायची, म-भ मधे अडकायची, वहीत शंभरदा लिहून घेतलं तरी दुसऱ्या दिवशी तेच. सगळे म्हणायचे आळशी आहे, डोळे तपासा. बाप्पा, डिस्लेक्सिया डोळ्यांचा नसतो, चष्म्यानं जात नाही, अक्षर अन् त्याचा आवाज यांची जोडी पक्की बसायला या लेकरांना लय वेळ लागतो. म्हणून बोट, कान, डोळा तिन्ही एकदम कामाला लावायचे. ध वर बोट नेलं की वर गाठ लागते, घ वर लागत नाही, हे तिच्या बोटाला आधी समजलं. आता डोळे मिटून सांगते, "आई, हा गाठवाला!" त्या दिवशी मी चूल सोडून तिच्याजवळ बसून राहिली होती, खरंच.

पण डब्यात ळ नाही! मराठी म्हणून विकता अन् ळ नाही? आमच्या लेकरांनं केळं, गूळ, डोळा, बाळ काय लिहायचं? ल अन् श पण हिंदी वळणाचे आहेत, बालभारतीच्या पुस्तकात आपले. दुसऱ्या पोराला फरक पडत नसेल, पण जिला एकच अक्षर मुश्किलीनं बसते तिला त्याची दोन रूपं म्हणजे दुप्पट मेहनत.

अन् सगळ्यात मोठी कमी म्हणजे काना-मात्रा नाहीतच. आमची खरी अडचण तर पहिल्या वेलांटीची आहे, "कि" मधे वेलांटी क च्या आधी दिसते अन् बोलताना नंतर येते, पोरगी डावीकडून वाचत जाते अन् तिथंच गडबडते. मग मी पेंटच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला, पुठ्ठ्यावर फेविकॉलनं ळ, ल, श अन् सगळ्या मात्रा बनवल्या, 60 रुपयांत झालं. आधी क ची पाटी ठेवायची, "क्" म्हणायचं, मग वेलांटी तिनं स्वतः डावीकडे आणून लावायची अन् "इ" म्हणायचं. किती, दिवा, विहीर, एवढे शब्द आता न अडखळता होतात. जोडाक्षरं अजून हातात घेतली नाहीत, रफार तर दूरच.

पावसाळ्यात तीन पाट्यांचे कोपरे सुटले, परत चिकटवले. दिवसाला 15 मिनिटं बस, जास्त नको, लेकरू थकते. नंतर परातीत ज्वारीचं पीठ पसरून तेच अक्षर बोटानं काढायला लावते, कापूस वेचायच्या दिवसांत तर वावरातच मातीवर झालं.

लोक विचारतात दहावीचं काय? एनआयओएस, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळा मंडळातून घरी शिकून देता येते, मराठी माध्यम आहे, पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येते. अन् शिकण्यातली ही अडचण 2016 च्या दिव्यांग कायद्यात धरलेली आहे, हे पण माहीत असू द्या.

पाचपैकी साडेतीन स्टार. घ्यायच्या आधी विकणाऱ्याला ळ आहे का ते विचारा. कंपनीनं काना-मात्रांचा वेगळा डबा काढला तर मी त्याच दिवशी मागवते, फक्त त्यात ल अन् श आपले द्या.