तूबाला आधी भेटा, ‘टेल्स’ नंतर बघा

इराणी दिग्दर्शिका रख्शान बनी-एतेमादच्या ‘अंडर द स्किन ऑफ द सिटी’ची (2001) डीव्हीडी घ्यावी का? डोळे झाकून घ्या, फक्त आधी प्लेयर तपासा. डीव्हीडीला जगाच्या भागाप्रमाणे रीजन कोड असतो; माझी सेकंडहँड डिस्क रीजन 1 ची (म्हणजे अमेरिकेकडची) निघाली आणि आपल्याकडचे प्लेयर रीजन 5 चे, त्यामुळे टीव्हीला लावली की नुसता एरर, शेवटी लॅपटॉपच्या ड्राइव्हवर चालली. विकणाऱ्याने हे आधी सांगायला काय जात होतं देव जाणे. सबटायटल्स पांढरे आणि बारीक, उजेडातल्या सीनमध्ये शोधावे लागतात. एक्स्ट्राज म्हणाल तर ठणठणगोपाळ.

पण पिक्चर! तूबा तेहरानमधे कापड कारखान्यात कामाला, नवरा घरी बसलेला, थोरला मुलगा अब्बास जपानला जायचं खूळ डोक्यात घेतलेला आणि त्या व्हिसापायी राहतं घर विकायला निघालेला, लेक नवऱ्याचा मार खाऊन माहेरी येतेय, म्हणजे हिने एक आवरावं तर दुसरीकडे फुटतंच. गोलाब आदिनेने तूबाचं काम असं केलंय की ती कॅमेऱ्यासमोर आहे हेच विसरायला होतं. सुरुवातीला निवडणुकीबद्दल विचारायला शूटिंगवाले येतात तेव्हा हिला धड बोलता येत नाही, आणि शेवटी तीच त्यांना विचारते की हे सगळं तुम्ही दाखवता तरी कोणाला? (स्पॉयलर वाटला तर सॉरी, पण इतक्या जुन्या पिक्चरला काय स्पॉयलर.)

हा प्रश्न दिग्दर्शिका बाईंनी स्वतःलाच विचारलाय असं मला वाटतं, कारण त्यांची सुरुवातच टीव्हीतली, गाव सोडून शहरात आलेल्यांच्या कामधंद्यावर वगैरे डॉक्युमेंटरी करायच्या. मग फीचर. 1992 च्या ‘नर्गेस’ला इराणच्या फज्र फिल्म फेस्टिव्हलमधे बेस्ट डायरेक्टर, तिथे हे मिळवणारी पहिली बाई. 1995 च्या ‘रुसरी आबी’ला स्वित्झर्लंडच्या लोकार्नो फेस्टिव्हलचा ब्राँझ लेपर्ड पुरस्कार. त्यात टोमॅटोच्या मळ्याचा म्हातारा विधुर मालक आणि मजुरी करणारी नोबर, आणि इराणच्या नियमांत हात धरलेला दाखवायची सोय नाही, तर सगळं प्रेम नजरेवर आणि गप्प बसण्यावर काढलंय, तरी आपण अवघडून बघत बसतो.

‘टेल्स’ (2014) मी नंतर पाहिला ते बरंच झालं. अहमदीनेजाद राष्ट्राध्यक्ष होते त्या काळात बाई फीचरचं परमिट मागायला गेल्याच नाहीत, शॉर्ट फिल्म्सच्या परवानग्यांवर तुकडे शूट केले आणि जोडून पिक्चर केला! व्हेनिस फेस्टिव्हलला बेस्ट स्क्रीनप्ले. त्यात बाईंच्या आधीच्या पिक्चरमधली जुनी मंडळी परत येतात: अब्बास टॅक्सी चालवतोय, नोबरच्या नवऱ्याला तिच्या पत्रावरून संशय आलाय, आणि तूबा थकलेल्या पगारासाठी बाकीच्या कामगारांबरोबर निघालीय. आधीचे पाहिले नसतील तर हे नुसते सुटे सुटे प्रसंग वाटतील, मधले एकदोन तर मलाही रेंगाळल्यासारखे वाटलेच. शिवाय बारान कोसरी, म्हणजे बाईंची लेक, ‘स्किन’मधे तूबाची मुलगी आणि इथे भलतीच कोणी, तेव्हा थोडं गोंधळायला होतं. पण तिचा आणि पेमान मोआदीचा गाडीतला लांबलचक सीन आहे, त्याच्यासाठी काहीही माफ.

पिक्चरला पाच, डिस्कला अडीच. ऑर्डर करायच्या आधी रीजन विचारून घ्या आणि ‘नर्गेस’ची चांगली प्रिंट कुठे मिळत असेल तर मला सांगा, माझ्याकडची फार धुरकट आहे.