रोबोट घ्यावा की टॅबलेट?

खानापूरच्या एका वहिनींचा मुलगा पाच वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला), अजून बोलत नाही. अशा मुलांच्या थेरपीत वापरतात त्या रोबोटसाठी पैसे साठवावेत की टॅबलेट घ्यावा, असं त्यांनी विचारलंय.

खर्च: असा एक रोबोट म्हणजे माणसासारखा दिसणारा, ५८ सेंटिमीटर उंचीचा नाओ; तो लाखांच्या घरात जातो. आयआयटी मुंबईत तयार झालेलं, चित्रांतून बोलायला मदत करणारं 'जेलो' ॲप फुकट, साधा अँड्रॉइड टॅबलेट पुरतो.

भाषा: खरा फरक इथे. घरी मराठी, बाजारात कन्नड. नाओला मराठी येत नाही. जेलोत आहे. चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येतो. पाणी हवंय हे पोर रडल्याशिवाय सांगू शकतं! मात्र घरच्यांनीही रोज तीच चित्रं दाबत बोलायला हवं.

नकला, आळीपाळीचे खेळ यांचा सराव रोबोट छान घेतो, पण थेरपिस्ट शेजारी लागतोच. म्हणून रोबोट थेरपी केंद्रांनी घ्यावा. वहिनी, तुम्ही टॅबलेटच घ्या.