समुद्री प्राण्यापासून स्वतःचं कॅरेक्टर बनवायचा वीकेंड वर्कशॉप, गंगापूर रोड: माझा रिव्ह्यू

आधीच सांगते, जा. नाशकात चित्रकलेचे क्लास पुष्कळ आहेत, एलिमेंटरी-इंटरमीजिएटची तयारी करून घेणारे तर गल्लोगल्ली सापडतील, पण एक समुद्री प्राणी घ्या आणि त्याच्यापासून उभं राहणारं, बोलणारं, स्वतःचा स्वभाव असलेलं कॅरेक्टर तयार करा, तेही कुठूनही न उचलता, हे शिकवणारं मी तरी इथे दुसरं काही बघितलेलं नाही. मी सातपूरला नोकरी करते, चित्रं काढते ती आवड म्हणून. भाची नववीत आहे, तिला दिवसभर कार्टूनच काढायची असतात, तिच्यासोबत मीही नाव घातलं आणि फार बरं केलं.

बॅचमध्ये सगळ्या वयाची माणसं होती. कॉलेजची पोरं, एक डेंटिस्ट, आणि नोट प्रेसमधून रिटायर झालेले एक काका ज्यांचा रेघेवरचा हात बघून आम्ही सगळे गार. शिकवायला सर आणि मॅडम दोघं असतात, सर प्राण्यांबद्दल बोलतात आणि मॅडम चित्राबद्दल, आणि दोघांचं मध्येमध्ये वाजतंही, ते ऐकायला जाम मजा येते कारण त्यातूनच खरं शिकायला मिळतं.

सुरुवातीला कागद मिळतो तो चित्राचा नाही, प्रश्नांचा. तुमचा प्राणी खातो काय, धरतो कशाने, पळतो कसा, लपतो कुठे, त्याला कशाची भीती, पिल्लांचं काय करतो. ते भरल्याशिवाय पुढे सरकायचंच नाही. पोरं कंटाळली थोडी, पण सरांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. ते म्हणाले, वर माशाचं डोकं आणि खाली जीन्स-टीशर्ट काढलं तर तो मुखवटा घातलेला माणूस झाला, त्यातला मासा कुठे गेला मग? बहुतेक जण तिथेच थांबतात, शार्क म्हटलं की दात आणि गुंड, डॉल्फिन म्हटलं की गोड मुलगी, झालं. मग मॅडमनी आपल्याकडचीच उदाहरणं काढली, मत्स्यावतार बघा, वरचा भाग विष्णूचा आणि खालचा माशाचा, कमरेवर जोड आहे. मकर बघा, गंगेचं वाहन, मगर-हत्ती-मासा सगळं एकत्र, आणि काही देवळांत अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं ते त्याच्याच तोंडातून. म्हणजे मिसळायच्या पद्धती बऱ्याच आहेत, अर्धं-अर्धं करा, किंवा अख्खा प्राणीच उभा करा, किंवा माणूस ठेवून एकदोन खुणा घाला, फक्त कुठली घेतली आणि का, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

मी माकूळ घेतला. कटलफिश. नळ माकूळ नाही हं, तो स्क्विड, लांबट असतो, हा रुंद आणि कडेने सगळीकडे झालर असलेला. नाशकात समुद्र नाही पण मासळी बाजारात मुंबईकडून माल येतोच, सर सकाळी जाऊन बर्फातला एक घेऊन आले होते आणि स्टीलच्या ताटात ठेवून मॅडमनी तो कात्रीने उघडला. इथे दोन गोष्टी झाल्या ज्यांच्यासाठी मी अख्खी फी परत भरेन. एक म्हणजे त्याच्या पाठीतून निघालेलं ते पांढरं हाड. हातात घेतलं तर वजनच लागत नाही. सरांनी शेजारी वाळलेलं ठेवलं, रविवार कारंजाजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेलं, समुद्रफेस म्हणून मिळतं ते, पोपट पाळणारे पिंजऱ्यात अडकवतात तेच. नखाने ओरखडलं की खडूसारखी भुकटी पडते, आणि मोडून बघितलं की आत पातळ पातळ थर दिसतात, एकावर एक, मध्ये बारीक पोकळ्या. त्या पोकळ्यांमधला वायू आणि पाणी कमीजास्त करून हा प्राणी वर-खाली तरंगतो. हे मी वाचलं असतं तर विसरले असते, बोटांनी बघितलं म्हणून माझ्या कॅरेक्टरची पाठ कशी असणार ते त्याच क्षणी ठरलं, ताठ, आणि तरीही हलकी.

दुसरी गोष्ट शाईची. पोटातली पिशवी अलगद काढून वाटीत फोडली आणि पाणी घालून आम्हाला ब्रश दिले. वास येतो, माशाचाच येणार, भाची नाक धरून बसली होती पण तरी काढत होती. ओली असताना काळी दिसते आणि वाळली की मस्त उबदार तपकिरी होते, सेपिया म्हणतात तो रंग मुळात हाच, माकूळाच्या पोटातला, आणि त्या प्राण्याचं शास्त्रीय नावही सेपियाच. पूर्वीचे चित्रकार याच शाईने रेखाटनं करायचे. माझी पहिली दहा-बारा छोटी स्केचेस माकूळाच्याच शाईने काढलेली आहेत आणि ती मी फ्रेम करणार आहे.

आता कॅरेक्टरबद्दल सांगते, कारण इथे नुसतं छान छान म्हणून सोडत नाहीत, प्रत्येक गोष्टीला का विचारतात. माकूळाला आठ बाहू आणि शिवाय शिकार पकडायचे दोन लांब शुंडक, ते एरवी खिशात ठेवल्यासारखे आत असतात आणि कोळंबी दिसली की सटकन बाहेर. हे सगळं तोंडाभोवती असतं, खांद्याला काहीच नाही. मी आधी बाहू खांद्यावर नेले होते तर सर म्हणाले आता ही कुठलीही अष्टभुजा झाली, यात माकूळ दिसतोय का सांगा. मॅडम म्हणाल्या नाही, माणसासारखं वाचलं गेलं पाहिजे, हात खांद्यालाच हवेत. दोघांचं चांगलं दहा मिनिटं चाललं. मग मॅडमनीच आकृती पूर्ण काळी करून भिंतीवर लावली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून बघायला लावलं, नुसत्या सावलीवरून काय आहे ते ओळखता यायला हवं, आणि खरंच, खांद्यावाल्या चित्रात माकूळ दिसेना. बाहू परत चेहऱ्याखाली आणले.

आणि चेहऱ्याखाली आठ बाहू घेऊन वाकून काम करणारी बाई म्हटल्यावर मला एकच दिसलं, येवल्याची मागावर बसलेली विणकरीण. पैठणीचा पदर विणताना वेगवेगळ्या रंगांचा धागा गुंडाळलेल्या कितीतरी छोट्या कांड्या एकेका मोरासाठी हाताळाव्या लागतात, तिथे आठ बाहू लागतातच! कडेची झालर झाली साडीचा काठ, दोन लांब शुंडक पदरात लपवलेले, लांब पडलेली कांडी उचलायला तेवढे बाहेर येतात. नाव ठेवलं चंद्रकळा.

मग सरांनी असा प्रश्न टाकला की मी घरी जाऊन रात्रभर तोच विचार करत होते. माकूळाला रंग दिसत नाहीत. त्याच्या डोळ्यात रंग ओळखायला लागणारं रंगद्रव्य एकाच प्रकारचं असतं, आपल्या डोळ्यात तीन प्रकारचं. स्वतः क्षणात रंग बदलतो, कातडीत रंगाच्या बारीक बारीक पिशव्या असतात आणि भोवतीचे स्नायू त्या ताणतात-सोडतात, पण रंग म्हणून त्याला कळत नाहीत. तर तुमची चंद्रकळा पैठणी विणते कशी? मी म्हटलं मग बदलते, दुसरा व्यवसाय देते. सर म्हणाले बदलू नका, उत्तर शोधा, स्टोरी तिथेच आहे. उत्तर सापडलं ते प्राण्यातच. माकूळाला ध्रुवीकृत प्रकाश, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश, ओळखता येतो, जो आपल्याला नुसत्या डोळ्यांनी वेगळा असा कळत नाही, म्हणजे चकाकीतले फरक तो आपल्यापेक्षा कितीतरी बारीक ओळखतो. म्हणून माझी चंद्रकळा रेशमाचा रंग बघतच नाही, धागा उजेडात तिरका धरते आणि त्याच्या चमकेवरून कांडी निवडते. गिऱ्हाईक विचारतं हा राणी कलर आहे का, तर तिला माहीत नसतं, पण शेजारी कुठला धागा शोभेल ते तिला नेमकं माहीत असतं. हे माझं आहे, कुठूनही घेतलेलं नाही, आणि हे सुचलं तेव्हाचा आनंद मला शब्दात सांगता येत नाहीये.

स्वभावाचंही तसंच. २०२१ साली माकूळांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, समोर साधं खाणं ठेवलेलं आणि थांबलं तर जास्त आवडीचं मिळणार, तर काही माकूळ पन्नास ते एकशेतीस सेकंद थांबले. म्हणून चंद्रकळा चिकाटीची, गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर गप्प बसते आणि अंगावर नुसते पट्टे उमटतात. आणि एक गोष्ट मला आतून हलवून गेली, माकूळाचं आयुष्य जेमतेम एक-दोन वर्षांचं, मादी अंडी घातल्यावर फार जगत नाही, म्हणजे पिल्लाला आई भेटतच नाही, शिकवायला कोणी नाही. येवल्यात विणकाम घरातून घरात उतरतं, एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे, आणि माझी चंद्रकळा मात्र कोणाकडूनही न शिकता आलेली. तिची अख्खी पार्श्वभूमी एवढ्यावर उभी राहिली.

बाकीच्यांचीही कामं भारी झाली. भाचीने शंखी खेकडा घेतला, त्याचं पोट मऊ आणि एका बाजूला वळलेलं असतं म्हणून रिकाम्या शंखात राहतो आणि वाढला की शंख बदलतो, कधीकधी तर लहान-मोठ्या मापाने रांगेत लागून सगळे एकदम शंख बदलतात. तिने केला सिडकोत भाड्याने राहणारा मुलगा, अकरा महिन्यांचा करार संपला की पाठीवर घर घेऊन निघालेला. "मावशी, याचा एक खांदा खाली ठेवू का, पोट वाकडं आहे ना त्याचं," असं तिने स्वतःहून विचारलं तेव्हा मला कळलं पोरीला मुद्दा समजलाय. प्रेसवाल्या काकांनी समुद्रघोडा घेतला, त्यात नर पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवतो, तर त्यांनी नातवाला स्वेटरच्या खिशात घेऊन फिरणारे आजोबा काढले, अंगावरची एकेक कडी पेनाने. वर्गात टाळ्या पडल्या.

शेवटी कॅरेक्टर शीट करून घेतात, समोरून, पाऊण बाजूने, बाजूने, मागून, शिवाय पाच-सहा हावभाव आणि रंगांची पट्टी. माकूळाला एक ठरलेला रंगच नाही म्हणून मला शांत, चिडलेली, लपलेली अशा तीन पट्ट्या कराव्या लागल्या. कॉपीराइटवरचा अर्धा तास प्रत्येकाने ऐकावा असा होता. आपण काढलेल्या चित्रावर १९५७ च्या कायद्याप्रमाणे काढल्या क्षणापासून आपला हक्क असतो, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही पण केलेली पुराव्याला बरी, आणि हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं राहतो. तारखेसकट कच्ची स्केचेस जपून ठेवा हे त्यांनी दोनदा बजावलं, कारण हल्ली कोणीही ऑनलाइन टाकलेलं चित्र उचलून आपलं म्हणतं.

आता जे आवडलं नाही ते. कॉम्प्युटरचा भाग कच्चा आहे. क्रिटा नावाचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर शिकवतात, निवड उत्तम, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, मल्टिब्रश म्हणून टूल आहे, एक रेघ काढली की तीच गोलाकार अनेकदा उमटते, त्याने गोल फिरणारे बाहू एका फटक्यात निघतात, एम दाबला की चित्र आरशासारखं उलटं होऊन चुका लगेच दिसतात, आणि त्यांचं स्वतःचं मॅस्कॉट किकी पण माणसासारखी उभी राहणारी खारच आहे, म्हणजे विषयाला धरून. पण तिथल्या मशिन इतक्या जुन्या की मोठा ब्रश घेतला की अडकतात, अर्धा वेळ वाट बघण्यातच गेला आणि रंगकाम गडबडीत उरकलं. या भागाला अजून एक अख्खा दिवस द्यायला हवा. तिसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही, काकांना प्रत्येक वेळी मध्ये थांबावं लागत होतं, त्यांच्यासाठी तरी खाली एखादी खोली बघा. पार्किंग रस्त्यावर, शनिवारी संध्याकाळी गाडी लावणं म्हणजे दिव्य. आणि लहान मुलं-मोठी माणसं एकत्र बसवल्यामुळे मागच्या बाकांवरच्या शांत पोरांकडे सरांचं लक्ष कमी जातं, एक मुलगी फार सुंदर जेलीफिश काढत होती आणि तिला शेवटपर्यंत कोणी प्रश्नच विचारले नाहीत, याचं मला वाईट वाटलं, मॅडमना मी तसं सांगितलंय.

फी अडीच हजार, कागद-रंग-माकूळ सगळं धरून, आणि मला ती अजिबात जास्त वाटली नाही. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो कॉम्प्युटर आणि जिन्याचा. पुढच्या बॅचला खेकडे आहेत म्हणे. जाणार असाल तर स्वतःचा लॅपटॉप असेल तर घेऊन जा, मासळीचं वावडं असेल तर आधी फोन करून सांगा म्हणजे ते ताट दुसऱ्या टेबलावर ठेवतात, आणि जुना शर्ट घाला, ती शाई धुऊन निघत नाही.