नॅनोटॅक्स वेबसाइट: डिस्कोअ‍ॅस्टरपाशी अडलात तर आधी ही उघडा (५/५)

गेली दोन वर्षं मी कॅल्केरियस नॅनोफॉसिल्स बघतेय, म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांचे चुन्याचे अवशेष, बरेचसे २० मायक्रॉनपेक्षा लहान, मायक्रोस्कोपला १०००एक्स ऑइल इमर्शन (तेलाच्या थेंबातून बघायचं भिंग) लावल्याशिवाय धड दिसत नाहीत. त्यात कोकोलिथ (पेशीवरच्या चुन्याच्या चकत्या) तरी बरे, त्यांची भावंडं आजही समुद्रात जिवंत आहेत. खरी पंचाईत नॅनोलिथची (कोकोलिथसारखी रचना नसलेल्या चुन्याच्या तुकड्यांची), ज्यांतल्या कितीतरींचं कूळच नक्की नाही. डिस्कोअ‍ॅस्टर घ्या, इवलीशी चांदणीच ती! जावातल्या टान सिन होक यांनी १९२७ मध्ये हे नाव दिलं तेव्हाच सोबत 'इन्सर्टे सेडिस', म्हणजे वर्गीकरणातली जागा अनिश्चित, असं लिहिलं होतं, आणि शेवटची जात साधारण १९ लाख वर्षांपूर्वी संपली, मग जिवंत पेशी बघून खात्री करणार कशी?

नॅनोटॅक्स ही या अवशेषांच्या जाती ओळखायची साइट, आणि फुकट आहे. एक जात उघडली की त्याच ग्रुपमधल्या बाकीच्या जातींचे फोटो, कोण कधी आली आणि कधी संपली, सगळं एकाच ठिकाणी.

मध्यंतरी एका सप्लायरकडून प्रॅक्टिससाठी स्लाइड मागवल्या, एकीवर लेबल होतं 'डिस्कोअ‍ॅस्टर ब्रौवेरी'. आता ब्रौवेरीला सहसा सहा किरण, टोकं निमुळती, कुठेही फाटा नाही. मला दिसत होते पाच किरण आणि प्रत्येकाच्या टोकाला बेचकी! मायक्रोस्कोपचे दोन पोलरायझर (प्रकाश गाळणारे फिल्टर) क्रॉस केले, म्हणजे एकमेकांना आडवे धरले, की डिस्कोअ‍ॅस्टर बहुतेक काळेच पडतात कारण कॅल्साइटचा (चुन्याच्या खनिजाचा) सी-अक्ष, म्हणजे स्फटिकाचा मुख्य अक्ष, आपल्या नजरेच्या रेषेत उभा असतो, हे मात्र मंद चमकत होतं. नॅनोटॅक्सवर ताडून पाहिलं तर सरळ सरळ पेंटारेडिएटस. ही जात २४ लाख वर्षांच्या आसपास संपते, म्हणजे लेबलवर विसंबून मी ते सॅम्पल एनएन१८ झोनमध्ये, म्हणजे पेंटारेडिएटस संपल्यानंतरच्या कालखंडात, टाकलं असतं आणि ते निघालं त्याहून जुनं.

मला सगळ्यात आवडलं ते हे की कूळ माहीत नसेल तर तसं स्वच्छ लिहिलंय, उगाच कुठल्या तरी फॅमिलीत कोंबलेलं नाही. आणि गुंता सुटला तर तोही दिसतो. सेराटोलिथसचंच बघा, घोड्याच्या नालेसारखा हा नॅनोलिथ आणि निओस्फेरा नावाचे गोल कोकोलिथ आधी वेगळे धरायचे, नंतर एकाच जिवाचे निघाले. ब्राअरुडोस्फेरा तर अजून जिवंत आहे, बारा पंचकोनी तुकड्यांचं कवच, आणि २०२४ मध्ये तिच्या पेशीत हवेतला नायट्रोजन वापरणारं अख्खं ऑर्गनेल (पेशीचा अंगभूत अवयव) सापडलं, वाचताना अंगावर काटा आला होता.

मोबाइलवर बघू नका, लॅपटॉप मायक्रोस्कोपशेजारी ठेवा आणि आधी लाइट मायक्रोस्कोपचे फोटो बघा, एसईएमचे (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे) नंतर. किरणांवर वरून चुना चढून ते जाडजूड झाले असतील तर फोटोंशी ओढूनताणून जुळवत बसू नका, मी तिथे जात न ठरवता नुसतं 'डिस्कोअ‍ॅस्टर स्पीशीज' लिहिते आणि स्लाइडवरच्या पुढच्या फील्डला (भिंगाखाली दिसणाऱ्या पुढच्या भागाला) जाते.