फ्रेमसाठी अ‍ॅक्रिलिक: मापात कापून आणावं की घरी कापावं?

काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे अ‍ॅक्रिलिक लावायचं हे तुमचं ठरलंय, असं धरून चालतो. प्रश्न कापण्याचा. मापं लिहून द्यायची आणि साईनबोर्डवाल्याकडून लेझरवर तुकडे कापून आणायचे, की अख्खी शीट आणून घरीच कटर चालवायचा? नागपुरात मी आधी तीन वर्षं पहिलं केलं, आता दुसरं करतो.

लेझरचं काम देखणं असतं, यात वाद नाही. कोपरे काटकोनात, कड चकचकीत. अंडाकृती फ्रेम किंवा भोकं पाडून स्क्रूवर बसवायची पाटी असेल तर मी आजही तिकडंच जाईन. पण साध्या चौकोनी फ्रेममध्ये ती सुंदर कड फ्रेमच्या मागच्या खाचेत जाऊन बसते, ती कोणालाच दिसत नाही. शिवाय लेझरच्या उष्णतेनं कडेला ताण राहतो. तिथं स्पिरिट किंवा काच पुसायचा स्प्रे लागला की बारीक तडे उमटू शकतात. अ‍ॅक्रिलिक साबणाच्या पाण्यानं आणि मऊ कापडानंच पुसावं.

माझं मन फिरलं ते मात्र एका मिलिमीटरमुळं. काकूंच्या लग्नाचा फोटो डिसेंबरात 24 बाय 18 इंचांच्या फ्रेममध्ये बसवला. तुकडा लेझरवर अगदी मापात कापलेला, खाचेत घट्ट बसला, मला समाधान वाटलं. मे महिन्यात काकूंकडं गेलो तर अ‍ॅक्रिलिक मधोमध फुगून पुढं आलेलं, आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात वाकडंतिकडं दिसत होतं. हिशोब केला तेव्हा कळलं. खोलीचं तापमान 25 अंशांनी वाढलं तर 24 इंच अ‍ॅक्रिलिक साधारण एक मिलिमीटर लांबतं. काच त्याच्या आठव्या हिश्शाएवढीच वाढते, म्हणून काचेच्या सवयीनं घेतलेलं माप इथं चालत नाही. आमच्याकडं डिसेंबर आणि मे यांत किती अंतर आहे, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको.

मग मी मापं दोन मिलिमीटर कमी करून द्यायला लागलो. तरी अडचण सुटेना, कारण हातानं जोडलेल्या लाकडी फ्रेमच्या समोरासमोरच्या बाजूसुद्धा तंतोतंत सारख्या नसतात. घरी येऊन बघावं तर तुकडा एका कोपऱ्यात अडकलेला. आणि एक मिलिमीटर काढणं हे एक फूट कापण्यापेक्षा अवघड: इतकी बारीक पट्टी रेघ मारून तुटत नाही, कानस घेऊन घासत बसावं लागतं. दुकानात परत न्यावं तर त्यांची बोर्डांची मोठी कामं आधी. त्यांचंही बरोबरच आहे, पण माझा शनिवार जायचा.

आता फ्रेम पालथी ठेवतो, खाचेतच चारही बाजू मोजतो, त्यातलं लहान माप धरतो, दोन मिलिमीटर वजा करतो आणि कापतो. दोन मिलिमीटर जाडीची शीट, वरची फिल्म न काढता, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घट्ट दाबून आकडीच्या पात्यानं एकाच रेघेवर सात-आठ वेळा ओढायची. जाडीचा तिसरा हिस्सा कोरला गेला की रेघ टेबलाच्या काठावर आणून एका झटक्यात खाली दाबायची. सुरुवातीचे दोन तुकडे माझ्या हातून तिरके फुटले, कारण चारच वेळा ओढून दाबलं होतं. तीन मिलिमीटरपर्यंत ही पद्धत चालते, त्यापुढं नको. जिगसॉ, म्हणजे वर-खाली चालणारी विजेची करवत, घाईनं चालवली तर प्लास्टिक वितळून पात्याला चिकटतं.

शीट 8 बाय 4 फुटांची मिळते आणि रिक्षात मावत नाही. दुकानदार विचारतो, मधून अर्धी करून देऊ का? घाई करू नका. 24 बाय 18 इंचांचे तुकडे हवे असतील तर 4 बाय 4 फुटांच्या दोन भागांतून आठच निघतात. लांबीत 54 इंचांवर कापून घेतली तर एका भागातून सहा आणि दुसऱ्यातून चार, असे दहा निघतात. छोट्या फ्रेमसाठी साईनबोर्डवाल्यांकडचे कटपीस बघा, वजनावर मिळाले तर स्वस्त पडतात. फक्त त्यांवरची फिल्म जुनी होऊन चिकटलेली नाही ना, हे एक कोपरा सोलून पाहा.

वर्षाला एखाद-दुसरीच फ्रेम करत असाल तर अख्खी शीट कशाला घ्या, लेझरवाल्याकडंच जा, पण खाचेतलं माप देऊन. चार-पाचच्या वर फ्रेम असतील तर माझ्या मते घरीच कापावं. पेस्टल किंवा कोळशाचं चित्र असेल तर दोन्ही सोडा आणि काच लावा. अ‍ॅक्रिलिक पुसलं की त्यावर स्थिर वीज साठते आणि ती चित्रावरची भुकटी ओढून घेते.

काकूंची फ्रेम मी त्याच जूनमध्ये उघडली आणि नवा तुकडा घरी कापून बसवला. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, अ‍ॅक्रिलिक अजून सपाट आहे.