फोनला चिकटवायची ॲन्टी-रेडिएशन चिप : ९९९ रुपये गेले (जळगाव)

५ पैकी १ स्टार, तो पण डबी चांगली आहे म्हणून, आई त्यात लवंगा ठेवते.

आमच्या समोरच्या गच्चीवर टॉवर लागला, दिवाळीत घरात वायफाय घेतलं आणि तेव्हापासून आईचं सुरू, डोकं जड, कानात गुणगुण, झोप नाही. "मनं डोकं दुखी ऱ्हायनं रे भाऊ, ते डबडं बंद कर." मग प्रदर्शनातल्या एका स्टॉलवरून ही चिप आणली, फोनच्या लहरी अडवते म्हणे, तीन घेतल्या तर एक फ्री म्हणत होता, मी एकच घेतली नशीब. त्याच्याकडे मीटर होतं, कॉल लावला की टीं टीं, चिप लावली की गप्प. नंतर घरी कळलं, कॉल लागताना फोन जास्त पॉवर टाकतो आणि लागला की आपोआप कमी करतो, चिप लावा नाहीतर मेथीचं पान लावा. आणि खरंच लहरी अडवल्या असत्या तर रेंज गेली असती ना भाऊ, आमची तर होती तेवढीच होती.

आईला पहिले चार दिवस एकदम बरं वाटलं, मग परत तेच. शेवटी आईला चालू की बंद ते कळू नये म्हणून मी राउटरच्या लाइटवर काळी टेप लावली, आईचा फोन मोबाईल डेटावर टाकला आणि आठ रात्री नाणं उडवून राउटर चालू-बंद केला. आई सकाळी कॅलेंडरवर दुखलं की नाही ते लिहायची. चालू असलेल्या चार रात्रीत दोनदा दुखलं, बंद असताना तीनदा! आता आठ रात्रींवरून काही सिद्ध होत नाही, पण असल्या आंधळ्या चाचण्या शास्त्रज्ञांनी कितीतरी केल्या, त्यात पण लोकांना लहरी चालू की बंद ते ओळखता आलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच सांगितलंय, त्रास खरा असतो, पण तो लहरींमुळे होतो असा पुरावा नाही. त्रास होईल अशी धास्ती बसली तरी त्रास होतो म्हणे. टॉवरचं म्हणाल तर २०१२ मध्ये आपल्याकडची टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली होती.

हे सांगितल्यावर आई जाम चिडली, "म्हणजे मी नाटकं करते का?" नाही ना, दुखतंय ते दुखतंयच, म्हणून तर डॉक्टरकडे नेलं. बीपी ठीक निघालं, चष्म्याचा नंबर मात्र वाढलेला, आणि ती जिथे बसून मोबाईल बघते तिथली जुनी ट्यूब केव्हापासून फडफडत होती, आम्हाला कोणालाच ते दिसलं नाही. ट्यूब बदलली, चष्मा बदलला, दुखणं बरंच कमी आहे, पूर्ण गेलं नाही, पारा ४४ वर गेला की होतंच.

चिप परत घ्यायला स्टॉलवाल्याला फोन केला तर "सील तोडलं, आता रिटर्न नाही." फोनच्या मागे गोंदाचा गोल डाग राहिलाय, खोबरेल तेलाने निघतो का कोणी सांगा.